आयला काय झालं?

मी एक जुना आय आहे. आई नव्हे, आय. इंग्रजीतलं ते काडीसारखं उभं अक्षर, डोक्यावर टिंब असलेलं. एका प्रोग्रामच्या एकोणिसाव्या ओळीत मी अकरा वर्षं राबलो. आत्मवृत्त सांगताना 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून मीही म्हणेन, पण तुम्ही माझे मित्र आहात असं मला अजिबात वाटत नाही. तुमच्यातले बरेच जण मोठे होऊन प्रोग्राम लिहितील, मला कामाला जुंपतील आणि काही बिघडलं की माझ्याच नावाने खडे फोडतील. तरीही ऐका. या गोष्टीत एका बाईची नोकरी आणि अब्रू टांगणीला लागली होती, आणि त्याआधी एक माणूस खरोखरच नवव्या मजल्यावर टांगला गेला होता.

मला दिसतं कसं, ऐकू येतं कसं, असले प्रश्न मला विचारू नका. फाटकी छत्री आणि मोडकी खुर्ची वहीत बोलतात तेव्हा तुम्ही विचारत नाही.

उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुणारी एक कंपनी होती. तिचं स्टोअर तळघरात होतं. भिंतीला साठ खुंट्या, प्रत्येक खुंटीला एक सेफ्टी बेल्ट, आणि प्रत्येक बेल्टाला नंबराचा पत्र्याचा बिल्ला. बेल्ट म्हणजे कमरेला बांधायचा साधा पट्टा नव्हे. छाती, पाठ आणि मांड्या यांना घट्ट धरून माणसाला दोरावर लटकवून ठेवणारं ते जाळं. समोर एक छोटी खिडकी होती. खिडकीच्या फळीवर कॉम्प्युटर होता आणि फळीमागे स्टोअरच्या बाई बसत. सकाळी काचा धुणारे रांगेत येत, आणि बाई एकेकाला बेल्ट देत.

मला जन्माला घातलं त्या माणसाला सगळे कॉम्प्युटरवाला म्हणत. त्याच्या तोंडात एक शब्द कायमचा बसला होता. चहा सांडला, आयला. पेन सापडत नाही, आयला. जिना उतरताना ठेच लागली, आयला. पहिली काही वर्षं मला वाटायचं की हा माझ्याबद्दलच बोलतोय. आयला म्हणजे आय या अक्षराला, दुसरं काय असणार? मी आपला दर वेळी कान टवकारून तयार. पुढे कळलं की ती नुसती तोंडाची सवय आहे, तेव्हा मला फार वाईट वाटलं. मला कोणी हाक मारतच नव्हतं.

माझं काम सांगतो. संध्याकाळी बाई घरी गेल्या की तपासनीस येई. तो प्रत्येक बेल्टाची शिलाई आणि बक्कल उजेडात धरून बघे, आणि जो खराब वाटेल त्याच्या नंबरापुढे कॉम्प्युटरवर 'बाद' अशी खूण करी. सकाळी साडेसहाला प्रोग्राम सुरू होई. मी यादीच्या पहिल्या जागेवर जाऊन उभा राही. तिथला बेल्ट बाद असेल तर एकविसावी ओळ त्याला यादीतून काढून टाके. मग मी पुढच्या जागेवर जाई, मग त्याच्या पुढच्या. असं करत शेवट आला की माझं काम संपे, आणि उरलेली यादी बाईंना स्क्रीनवर दिसे. आमच्याकडे पहिल्या जागेचा आकडा शून्य असतो. माणसांना ते कधी पटत नाही, कारण प्रत्येकाला स्वतः एक नंबर व्हायचं असतं.

एक गोष्ट आत्ताच ध्यानात घ्या. मला बेल्ट ओळखता येत नाहीत. मला फक्त जागा कळतात.

मॅनेजरला मी फार आवडायचो. कोणी पाहुणे आले की तो त्यांना खिडकीशी आणून म्हणे, "माणूस चुकतो, हे चुकत नाही." मग बाईंकडे वळून म्हणे, "तुम्ही डोकं चालवू नका. स्क्रीन म्हणेल तो बेल्ट द्यायचा, स्क्रीनवरून गेला तो लाल ड्रममध्ये टाकायचा." बेल्ट फेकायचा अधिकार तपासनीसाला नव्हता, बाईंनाही नव्हता. तो फक्त स्क्रीनला होता. बाई मान हलवून कामाला लागत. ड्रममध्ये टाकायचे बेल्ट काढताना त्या नेहमी भिंतीच्या शेवटच्या खुंटीपासून सुरुवात करत, आणि मागचे बेल्ट पुढे सरकवून मधल्या रिकाम्या खुंट्या भरून टाकत. मॅनेजर त्यांना हसायचा. म्हणायचा, "बाईंची गाडी कायम उलटीच."

एका सोमवारी कोणीतरी काचेवरचे डाग काढायच्या अॅसिडचा कॅन खुंट्यांच्या वरच्या फळीवर ठेवून गेलं. कॅनचं बूच सैल होतं. थेंब थेंब गळून ते खालच्या दोन शेजारच्या बेल्टांवर पडलं, सत्तेचाळीस नंबरावर आणि अठ्ठेचाळीस नंबरावर. तपासनीसाने वास घेतला, दोन्ही पुसले, दोन्हींपुढे बादची खूण केली आणि तो घरी गेला. रात्रीत ते वाळले. सकाळी दिसायला दोन्ही धडधाकट होते.

मंगळवारी साडेसहाला मी निघालो. चाळीसच्या आतले सगळे बेल्ट कधीच ड्रममध्ये गेलेले होते, त्यामुळे शून्य जागेवर नंबर चाळीस होता. एक, दोन, तीन असं करत मी सात नंबरच्या जागेवर आलो. तिथे सत्तेचाळीस होता. बाद. एकविसाव्या ओळीने त्याला उचलून फेकला. आता यादीची एक खोड आहे. तिला मधे रिकामी जागा खपत नाही. बाकावरचा एक जण उठला की बाकीचे कसे सरकून बसतात, तसे मागचे सगळे बेल्ट एकेक जागा पुढे सरकले. म्हणजे अठ्ठेचाळीस आठव्या जागेवरून सातव्या जागेवर आला. मी सातवी जागा बघून झाली म्हणून आठव्या जागेवर गेलो, तर तिथे एकोणपन्नास. ठीक. पुढे चला.

अठ्ठेचाळीसला मी पाहिलंच नाही. तो यादीत तसाच राहिला. मी चुकलो नाही हे मी आजही ठणकावून सांगतो. सातनंतर आठ येतात. मी चालत असताना माझ्या पायाखालची यादी सरकवायची कल्पना माझी नव्हती.

त्या सकाळी खिडकीशी पहिला आला तो बाईंचा धाकटा दीर. चार वर्षांपूर्वी बाईंनीच त्याला या कामावर लावलं होतं. "वहिनी, बेल्ट," तो म्हणाला. बाईंनी स्क्रीनवर पाहिलं, त्याच्या मापाचा अठ्ठेचाळीस यादीत होता. खुंटीवरून काढून त्यांनी तो दिला.

साडेदहाच्या सुमाराला नवव्या मजल्याबाहेर त्याच्या छातीवरची शिलाई सुटली. मांडीचे पट्टे तेवढे टिकले, म्हणून तो खाली गेला नाही. उलटा होऊन लोंबकळला आणि खिडकीच्या कठड्यावर खांद्याने आपटला. वरच्यांनी दोर ओढून त्याला आत घेईपर्यंत चार मिनिटं गेली. त्या चार मिनिटांत तो ओरडलासुद्धा नाही, असं नंतर रांगेतले लोक सांगत होते.

आणि आता माझ्या जन्मदात्याची खरी करामत ऐका. बुधवारी सकाळी मी नेहमीसारखा निघालो. सातव्या जागेवर अठ्ठेचाळीस आरामात बसलेला होता, बादची खूण अंगावर घेऊन. या वेळी मी त्याला पाहिलं आणि तो यादीतून गेला. दुपारी चौकशीला सगळे स्टोअरमध्ये जमले तेव्हा यादी धुतल्यासारखी स्वच्छ होती.

"मी दोन्ही बाद केले होते," तपासनीस म्हणाला. "सोमवारी पाच चाळीसला. रेकॉर्ड बघा."

रेकॉर्डमध्ये ते होतं. मॅनेजरने यादीवरून बोट फिरवलं. "आणि स्क्रीनवर अठ्ठेचाळीस नाही. बाई, तुम्ही हाताला लागला तो दिलात."

"काल होता, साहेब. मी बघून दिला."

"काल होता आणि आज नाही? कॉम्प्युटर काय तुमच्यावर डूख धरून बसलाय?"

मी बसलो होतो आतच. पण मला तोंड नाही. मॅनेजरने एक कागद टाइप करून आणला. 'बाद झालेला बेल्ट माझ्या हलगर्जीपणामुळे दिला गेला.' शनिवारी पाचपर्यंत सही केली तर नुसतं कामावरून काढू, नाही केली तर पोलिसांत जाऊ, असं तो म्हणाला आणि कागद बाईंपुढे ठेवून गेला. तपासनीसाने तर केव्हाच काखा वर केल्या होत्या.

गुरुवारी दीर स्वतः आला. हात गळ्यात बांधलेला, डोळ्याखाली काळंनिळं. खिडकीशी येऊन उभा राहिला.

"वहिनी, तुम्ही बघून दिला होता ना?"

"बघून दिला. शपथ घेऊन सांगते. स्क्रीनवर होता."

"सगळे म्हणतात स्क्रीनवर नव्हता."

"भाऊजी, मी तुम्हाला मुद्दाम देईन का?"

"मुद्दाम नाही म्हणत मी. घाई असते तुम्हाला सकाळी. एवढंच कबूल करा, मी काही बोलणार नाही."

"घाई नव्हती मला."

"मग मी कोणाचं खरं मानू?" तो म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता जिन्याकडे गेला. बाईंनी कागद खणात ठेवला, पुन्हा काढला, वाचला आणि पुन्हा ठेवला. एकाच घरात राहून दोन दिवस जाऊबाई त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या, हे त्यांनी रांगेतल्या एका बाईला सांगितलं.

शनिवारी दुपारी तीनला कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. बोलावलं बाईंनी, स्वतः फोन करून. मॅनेजर पेन घेऊन शेजारी उभा राहिला.

"माझ्या कोडमध्ये अकरा वर्षांत एक चूक सापडली नाही," कॉम्प्युटरवाला खुर्ची ओढत म्हणाला.

"मग ते बघतं कसं, तेवढं दाखवा मला."

त्याने नाइलाजाने माझी ओळ उघडली. "हे बघा. हा आय. हा पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत एकेक करून जातो. मधलं काही सोडत नाही. याचं लक्ष गप्पांत नसतं."

बाईंनी टोमणा गिळला. "मंगळवारीही असाच गेला?"

"रोज असाच जातो."

"मग मंगळवारची यादी लावा आणि परत पाठवा त्याला."

"त्याने काय होणार आहे?"

"काही झालं नाही तर सही करते. पाचला अजून वेळ आहे."

रोज रात्री यादीची एक प्रत जपून ठेवली जाई. मॅनेजरला बुधवारी ती काढायचं सुचलं नव्हतं, आणि कॉम्प्युटरवाल्याला सुचवायची गरज वाटली नव्हती. त्याने सोमवार रात्रीची प्रत काढून लावली आणि बटण दाबलं. मी पुन्हा त्याच वाटेने गेलो. स्क्रीनवर यादी आली, आणि तिच्यात अठ्ठेचाळीस होता.

कॉम्प्युटरवाला ताडकन पुढे झाला. "आयला!"

"आयला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही हो. तोंडाची सवय आहे."

"असं कसं? आत्ताच म्हणालात ना, हा आय एकेक करून जातो. मग त्या आयला वाटेत काय झालं ते बघा ना. कुठल्या जागेवर कोण भेटलं, विचारा त्याला."

मॅनेजर फिस्कन हसला. "बाई, ती शिवी आहे."

पण कॉम्प्युटरवाला हसला नाही. त्याने माझ्या खाली एक ओळ जादा लिहिली. प्रत्येक पावलावर मी जागा सांगायची आणि तिथला बेल्ट सांगायचा. अकरा वर्षांत मला पहिल्यांदा कोणी काही विचारत होतं, आणि विचारायला भाग पाडलं ते प्रोग्रामची एक ओळही लिहिता न येणाऱ्या बाईने. मी जीव तोडून सांगितलं. शून्य, चाळीस, ठीक. एक, एक्केचाळीस, ठीक. स्क्रीनवर एकाखाली एक ओळी पडत गेल्या.

बाईंनी काचेवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं. "सात, सत्तेचाळीस, बाद. आठ, एकोणपन्नास, ठीक." त्या थांबल्या. "अठ्ठेचाळीस कुठाय?"

कॉम्प्युटरवाला त्या दोन ओळी पुन्हा वाचू लागला. बाई उठून खुंट्यांपाशी गेल्या.

"हे बघा. इथला मी काढला. मागचे पुढे सरकवले. आता याच खुंटीवर कोण आलं? मागचा आला. त्याला न बघता मी पुढच्या खुंटीवर गेले तर तो राहिलाच ना? म्हणून मी शेवटाकडून काढते. तिकडून आलं की जे सरकतात ते आधीच बघून झालेले असतात."

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" कॉम्प्युटरवाल्याने विचारलं.

"शिकवायला काय लागतं? सुरुवातीला दोनदा चुकले, मग कळलं."

त्याने जुन्या प्रती उघडल्या. दोन शेजारचे बेल्ट एकाच दिवशी बाद झाले, असं अकरा वर्षांत तेवीस वेळा घडलं होतं. तेवीस वेळा मागचा एक बेल्ट दिवसभर जादा कोणाच्या तरी अंगावर गेला होता, आणि दुसऱ्या सकाळी गुपचूप यादीतून गळून पडला होता. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने कागद उचलला. "ठीक आहे. मिटलं. मी फाडून टाकतो हा."

"फाडू नका," बाई म्हणाल्या. "त्याच्याच मागे लिहा. बेल्ट यादीत होता, बाईंनी यादी बघून दिला. चूक प्रोग्रामची. खाली तुमची सही."

"बाई, आता कशाला वाढवताय?"

"माझी सही मागताना पाच वाजेपर्यंतच वेळ दिला होतात. तुम्हालाही तेवढाच आहे."

त्याने लिहिलं. बाईंनी तो कागद चिकटपट्टीने खिडकीच्या काचेला लावला, रांगेतल्या माणसाला वाचता येईल असा. मला मात्र तो कागद बघून संताप येतो. चूक प्रोग्रामची म्हणे! प्रोग्राम काय आभाळातून पडला? तो कोणी लिहिला, आणि डोकं चालवू नका असं बाईंना कोणी बजावलं, यावर त्या कागदात अवाक्षर नाही.

कॉम्प्युटरवाल्याने आधी मला उलटं चालवून पाहिलं, शेवटाकडून सुरुवातीकडे, बाईंच्या पद्धतीने. एकही बेल्ट सुटला नाही. मला वाटलं, आता सुखाने नांदू. पण त्याला ते आणखी सुटसुटीत करायचं होतं. त्याने नवं लिहिलं: जुन्या यादीला हातच लावायचा नाही, जे चांगले तेवढे दुसऱ्या कोऱ्या यादीत उतरवायचे. त्यात जागा मोजणारा कोणी लागतच नाही. मग माझ्या ओळीपुढे त्याने दोन तिरप्या रेघा ओढल्या. अशी ओळ कॉम्प्युटर वाचत नाही. शेजारी लिहून ठेवलं, 'जुनी पद्धत. वापरू नये.' चूक केली त्याने आणि घरी बसलो मी. तेव्हापासून मी त्या दोन रेघांमागे पडून आहे.

मित्रांनो, आता उपदेशाची वेळ आली, आणि तो मी चांगल्या शब्दांत करणार नाही. मी एखाद्या यादीवरून चालत असेन तेव्हा तिच्यातून काही उपसू नका. काढायचे ते आधी बाजूला लिहून घ्या आणि माझं चालणं संपल्यावर काढा. नाहीतर ठेवायचे ते नव्या यादीत उतरवा. तेही नको असेल तर मला शेवटाकडून चालवा. यातलं काहीच जमणार नसेल तर निदान मला मधे थांबवून विचारा, मी कुठे आहे आणि माझ्यापुढे कोण आहे. मी खोटं बोलत नाही. तुम्हीच विचारत नाही.

गेल्या सोमवारी दीर कामावर परत आला. पहिला आठवडा त्याला खालच्या दोन मजल्यांच्याच काचा दिल्या होत्या. खिडकीशी येऊन तो 'वहिनी' म्हणाला नाही, नुसतं "बेल्ट" म्हणाला. बाईंनी यादी पाहिली आणि एक्कावन्न नंबर त्याच्यापुढे ठेवला. त्याने छातीच्या पट्ट्याचं एक टोक पायाखाली दाबलं आणि बऱ्या हाताने दुसरं टोक ओढलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर दात खाऊन. बाईंच्या तोंडावर असं आजवर कोणी केलं नव्हतं.

"अरे, आता यादी बरोबर आहे!" मॅनेजर आतून ओरडला. "कशाला खोळंबा करतोस?"

दीराचा हात थांबला.

"साहेब, तुम्ही मधे पडू नका," बाई म्हणाल्या. "ओढा भाऊजी. अजून ओढा."

त्याने चौथ्यांदा ओढला. मग बेल्ट अंगावर चढवला, पुढची बक्कलं लावली आणि पाठीचं बक्कल लावायला हात मागे नेला. खांदा तेवढा वळेना. त्याने दोनदा प्रयत्न केला, जिन्याकडे पाहिलं, आणि मग खिडकीकडे पाठ केली. बाईंनी फळीवरून हात बाहेर काढून बक्कल लावलं आणि स्वतःही एकदा जोरात ओढून पाहिलं.

"दुखलं?"

"नाही, वहिनी."

"मग जा." बाईंनी रांगेकडे पाहिलं. "पुढचे या. आणि सगळ्यांनी ओढूनच घ्यायचा, साहेब काहीही म्हणोत."